पोटातला रंग

दुधानं माणूस आजारी पडतो असं मला कोणी सांगितलं असतं, तर मी त्याला वेड्यातच काढलं असतं. सांगितलं ते एका डॉक्टरीणबाईंनी, आणि त्यांनाही मी जवळजवळ वेड्यातच काढलं.

मी मूळचा धुळ्याकडचा. सिल्वासाजवळ सायलीतल्या एका कारखान्यात लोखंडी कपाटांना रंग मारतो, राहतो डोकमर्डीत. आमच्या रंगखात्याला एक मान आहे. सकाळच्या सुट्टीत बाकीच्या खात्यांना नुसता चहा, आम्हाला मात्र स्टीलचा पेला भरून गरम दूध. फवाऱ्याचा रंग नाकातोंडातून पोटात जाऊन बसतो आणि दूध तो धुऊन काढतं, हे इथं सगळे धरूनच चालतात. आमचा सुपरवायझर गुजराती, मोठा मायाळू माणूस. समोर उभा राहून प्यायला लावतो. "पी लो काका, अंदर का सब साफ!" नवे आलेले लोक साय बघून तोंड वाकडं करायचे. मग त्यांचाही पेला मीच रिचवायचो. टाकायचं कशाला, चांगलं दूध ते!

आणि माझं पोट बिघडलं. एकदा बिघडलं ते सुधारायचं नावच घेईना. रिकामं पिंप फरशीवरून गडगडत न्यावं तसा आवाज पोटातून यायचा. शेजारी उभा असलेला माणूससुद्धा वळून बघायचा, शरमेनं मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. कपाट अर्धं रंगवून मी संडासाकडे धूम ठोकायचो. सगळ्यांनी एकच निदान केलं: रंग साचला. एवढी वर्षं रंगात काढली, साचणार नाही तर काय?

मग उपाय सुरू झाले. सुपरवायझरनं माझा दुधाचा पेला दुप्पट केला. बायको संध्याकाळी हळद घातलेलं दूध द्यायची, पोटाला हलकं म्हणून जेवायला दहीभात. शेजारच्या गुजराती बेन जिऱ्याची पूड घातलेल्या ताकाचं पातेलंच धाडायच्या. जितकं प्यावं तितकं पोट जास्त बिघडायचं, आणि जितकं बिघडावं तितकं लोक जास्त पाजायचे. मीही शहाणा, मुकाट्यानं पीत होतो.

शेवटी कंटाळलो. म्हटलं, पुरे झाली ही रंगाची नोकरी, जीव आहे तर सगळं आहे. दिवाळीनंतर सोडतो म्हणून सुपरवायझरच्या कानावर घातलं. बायकोचं तोंड उतरलं, कारण मुलीचं कॉलेज इथं, आणि तिचा स्वतःचा शिवणाचा क्लासही इथंच जमलेला. पण माझे हाल बघून तिनं मान डोलावली.

गावाकडे आई एकटी असते. तिला फोन केला तर तिच्या आवाजात एकदम जोर आला. "ये रे भाऊ, ये. त्या कंपनीचं दूध म्हंजे निस्तं पाणी. घरचं पी, चार दिसात बरा होशील." गुडघे दुखतात म्हणून ती म्हैस विकायला काढणार होती. माझ्यासाठी ठेवली. माझी जुनी खोली तिनं कडबा भरायला घेतली होती. तीही रिकामी करून, गडी लावून चुना मारून घेतला. रोज फोनवर नवीन काहीतरी सांगायची. खाट विणून घेतली. खिडकीला जाळी बसवली.

जाण्याआधी इथल्या डॉक्टरला एकदा दाखवा, असा हट्ट बायकोनं धरला म्हणून गेलो. डॉक्टरीणबाई वयानं माझ्या मुलीपेक्षा थोड्याच मोठ्या. काय काय खाता, विचारलं. मी अभिमानानं सांगितलं: सकाळी चहा, मग कंपनीत दूध, दुपारी ताक, संध्याकाळी दहीभात, वर हळदीचं दूध. त्या ऐकतच राहिल्या.

"काका, तुम्हाला दूध पचत नाही असं दिसतंय. थोडे दिवस दुधाचं सगळं बंद करून बघू या."

मला हसूच फुटलं. "अहो बाई, दूध बंद केलं तर पोटातला रंग कोण काढणार?"

"दुधानं रंग निघत नाही काका. तो श्वासातून फुप्फुसात जातो. मास्क लावता का?"

मास्क खुंटीला असायचा. दूध पितो ना, मग मास्क कशाला? हे त्यांना कसं सांगणार! "लहानपणापासून म्हशीच्या दुधावर वाढलोय मी," एवढंच कसंबसं म्हणालो. मोठेपणी कित्येकांना पचेनासं होतं, असं त्या म्हणाल्या. मोठेपणी! म्हणजे दात पडतात, केस पिकतात, तसं दूधही जातं? कोणी सांगितलं कसं नाही आजवर?

घरी आल्यावर बायको खाली बसली. "म्हणजे मीच पाजत होते?" तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मी म्हटलं, तू कशाला, अख्खं सिल्वासा पाजत होतं मला.

दुसऱ्या दिवशी कोरा चहा झाला. आमच्याकडे कोरा चहा सुतकात पितात. शेजारच्या बेन ताक घेऊन आल्या, माझ्या हातातला कप बघितला आणि दारातच थबकल्या. "अरे, कोण गयुं?" त्यांना समजावता समजावता बायकोला हसू आवरेना. मला मात्र हसू येत नव्हतं. बिस्किटाचा पुडा उलटा करून वाचला तर त्यात दूध. टोस्टमध्ये दूध. नाक्यावरची मिठाई तर बोलायलाच नको. जिकडे बघावं तिकडे हा शत्रू पांढरे कपडे घालून बसलेला.

कंपनीत मी पेला परत केला तेव्हा सगळं खातं माझ्याकडे बघत राहिलं. "उपवास है क्या, काका?" सुपरवायझरनं विचारलं. मी मास्क चढवला आणि दुधाऐवजी गुळाचा खडा मागून घेतला.

आणि पोट शांत झालं की हो! पिंप नाही, धूम ठोकणं नाही. खात्री करायला बाईंच्या सांगण्यावरून एकदा अर्धा पेला पिऊन बघितला, तर तासाभरात गडगडाट हजर. मी थक्क होऊन पोटावर हात ठेवून बसून राहिलो. इतके दिवस ज्या रंगाला शिव्या घातल्या, त्यानं पोटाला काहीच केलं नव्हतं. नोकरी सोडायचं कारणच उरलं नाही. सुपरवायझरला सांगितलं, त्यानं मिठीच मारली. बायकोनं खिरीऐवजी शेवयांचा उपमा केला.

मग आईला फोन लावला. केव्हा एकदा सांगतो असं झालं होतं.

"दुधानं?" आई ओरडलीच. "काहीतरी बोलतो! दुधानं कोणाचं पोट बिघडतं का?"

मी सगळं सांगितलं, अर्ध्या पेल्याचंसुद्धा. तिनं आधी डॉक्टरीणबाईंना चार शब्द सुनावले, मग मला, मग म्हणाली, "पण आता बरं आहे ना तुला?"

"एकदम ठणठणीत! आणि आई, आता नोकरी सोडायची गरजच नाही. इथंच राहतोय आम्ही."

पलीकडून म्हैस हंबरलेली ऐकू आली.

"बरं झालं रे भाऊ," आई म्हणाली. "जीव टांगणीला लागला होता माझा. म्हैस काय, विकून टाकू." मग जरा थांबून, "तो कडबा तेवढा त्या खोलीत परत भरून घेते मंग. बाहेर भिजंल."

"नको भरू," मी म्हणालो.

"का रे?"

"दिवाळीत त्या खाटेवर झोपायला येतोय मी."