शेवटच्या गड्यानं दिलेली ओ

अन्याय रहीमवर झाला. शहागंजात शिलाईचं दुकान चालवणारा रहीम. कधी? यंदाच्या श्रावणात, नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी. कुणी केला? आम्ही... गोवा सोडवायला निघालेल्या औरंगाबादच्या तुकडीनं. हे आधीच लिहितो, कारण पुढं सांगणार आहे त्याला लोक चमत्कार म्हणू लागलेत.

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. अंगाऱ्या-धुपाऱ्याविरुद्ध मी पत्रकं वाटलीत, अजूनही वाटीन.

हद्दीकडची मोटार बंद, म्हणून दिवसभर समुद्राकाठच्या डोंगरकड्यानं चालायचं ठरलं. पायवाट एका माणसापुरती. उजवीकडं थेट खाली खवळलेलं पाणी, डावीकडं शेवाळलेला कातळ. आम्ही सपाटीची माणसं – पहिल्याच चढाला पोटऱ्या भरून आल्या.

आमच्याकडं कापसाच्या गाड्या रांगेनं निघाल्या की पुढचा हाळी देतो आणि शेवटचा ओ देतो. मधल्यानं बोलायचं नाही. शेवटचा आहे म्हणजे सगळे आहेत! आमचे पुढारी, गंगापूरचे मास्तर, त्यांनी तीच रीत कड्यावर लावली. मग शेवटी कोण?

"रहीमला ठिवा," वैजापूरचा विठ्ठल म्हणाला. "रझाकाराचं काय सांगावं? पुढं असला अन् हद्दीवर पोर्तुगिजांनाच मिळाला तर?"

निजामाविरुद्धच्या पोलीस ॲक्शनला सात वर्षं झाली. तेव्हा रहीम शाळेत होता. पण सगळे हसले. मीही हसलो.

"राहतो ना मागं, विठ्ठलराव," रहीम म्हणाला. "तुमची पिशवी उसवली तर मलाच दिसंल." सगळ्यांच्या खांद्यावरच्या पिशव्या त्यानंच शिवल्या होत्या.

त्याच्या पुढं मी होतो. मास्तरांची हाळी यायची, "हाय का रं समदे?" आणि माझ्या पाठीमागून, अगदी जवळून, "हौ मास्तर!" आमच्यात 'हो'ला 'हौ' म्हणणारा तो एकटाच. ओल्या चपलांची चपक-चपकही ऐकू यायची.

दुपारी ओढा लागला. विठ्ठलला रहीमच्या पंगतीला बसायचं नव्हतं, आणि बाकीच्यांना विठ्ठलशी भांडायचं नव्हतं. मी अलीकडच्या वळणावर दगडावर रहीमची भाकर ठेवली आणि पुढंच तोंड करून ओरडलो, "घे रे भाकर!"

"हौ, घेतो."

आम्ही ओढ्यापलीकडं जाऊन जेवलो.

सूर्य पाण्याला टेकायच्या आत गावात उतरलो. मास्तरांनी शेवटची हाळी दिली. "हौ मास्तर!" मी पिशवी उतरवली, वळलो...

वाट रिकामी होती.

गावातले दोन कोळी आणि कंदील घेऊन उलटं निघालो. ओढ्याशी दगडावर भाकर तशीच, पावसानं फुगलेली. रहीम त्याच्याही कितीतरी मागं, पहिल्याच चढाखाली, कातळाच्या फटीत पाय मोडून पडलेला. आवाज पार बसलेला.

"सकाळपासून बोंबलतोय," तो म्हणाला. "एकानं बी ओ दिली नाय. तू तर पुढंच होतास ना, भाऊ?"

मी काहीच ऐकलं नव्हतं. शपथेवर सांगतो – एक हाक नाही!

प्रतिध्वनी म्हणाल, तर 'हाय का'चा प्रतिध्वनी 'हौ' येत नाही. भास म्हणाल, तर तो अख्ख्या तुकडीला कसा झाला? ओ कुणी दिली, मला आजही सांगता येत नाही. पण दिवसभरात मी एकदाही मागं का बघितलं नाही, ते मला पक्कं ठाऊक आहे, आणि त्याला भूत लागत नाही. बघितलं असतं तर त्याच्याशी बोलावं लागलं असतं. विठ्ठलच्या देखत.

आता औरंगाबादेत परतलोय, आणि इथं बोललं जातंय की रहीम कड्याला भिऊन मागं पळाला. आणि तो 'हौ'? कुण्या पिराची कृपा, म्हणे! मास्तर गप्प आहेत. येत्या रविवारी तुकडीचा सत्कार आहे. हार घ्यायच्या माणसांत रहीम नाही.

वाचकहो, तुम्ही येणारच आहात. तर हार घालू नका. उभे राहा आणि विचारा, शेवटचा गडी कुठाय? मंचावरून "सगळे हजर आहेत" असं उत्तर येईल. तेवढ्यावर खाली बसू नका. मागं वळून बघा... तो दाराशी कुबडीवर उभा असेल.