मागच्या बाकाचे सिनेमे आणि अर्धा पेला दूध

ही गोष्ट सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. नातवाचे मित्र घरी आले की विचारायचे, "आजोबा, त्या सिनेमातले मास्तर म्हणजे तुम्हीच ना?" मी चष्मा पुसायला घ्यायचो आणि कुणीतरी चहा आणेपर्यंत पुसत बसायचो. आता मात्र लिहून टाकतो. ज्याच्यासाठी लिहायचं तो वाचायला राहिलेला नाही, म्हणूनच बहुधा धीर झाला असावा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडं सांगतो. कोल्हापूरच्या एका शाळेत मागच्या बाकावर बसणाऱ्या चार टारगट पोरांचे विनोदी चित्रपट गेली काही वर्षं येत आहेत. त्यांची नावं मी लिहिणार नाही, पाहणारे ओळखतीलच. मुख्य भाग चार. शिवाय त्यातल्या भूगोलाच्या मास्तरांवर एक वेगळा सिनेमा, शाळेबाहेरच्या वडापाववाल्या मावशींवर एक, आणि सगळ्यात शेवटी मोबाइलवर पाहायची एक मालिका. हे सगळं कोणत्या क्रमाने पाहावं, कुठला भाग सोडला तरी चालतो, हे कुणाला हवं असेल तर मी सांगू शकतो. लोकांनी ते सिनेमे हसायला पाहिले. मी पाहिले ते चोर पकडायला.

पहिला भाग जरूर पाहा. मी शाळेत भूगोल शिकवायचो आणि आमचे मराठीचे मास्तर माझे जुने मित्र. नोकरीला लागल्यापासूनची दोस्ती. रोज संध्याकाळी आम्ही दोघं दूध कट्ट्यावर जायचो. आमच्याकडे म्हैस समोर उभी असते, गवळी पेल्यातच धार काढून देतो आणि माणसं तिथंच उभ्यानं फेसाळ दूध पितात, गप्पा मारतात. पहिला भागही आम्ही दोघांनीच थिएटरात जाऊन पाहिला. त्यात शाळेला दांड्या मारणारा पोरगा बऱ्याच दिवसांनी वर्गात उगवतो आणि मास्तर दारातच हात जोडतात: "या पावणं! वाट चुकला काय?"

थिएटर हसून कोसळलं. हे वाक्य माझं होतं. आयुष्यभर मी दांडीबहाद्दरांना ते ऐकवत आलो. पण मला खटकलं ते वेगळंच. विनोद यायच्या आधीच माझा मित्र हसला होता. मास्तरांनी नुसते हात जोडले, आणि हा खुर्चीत गदगदायला लागला.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "तुला कसं कळलं, ते काय म्हणणार?"

"लेका, इतकी वर्सं तुझ्या शेजारच्या वर्गात शिकीवलंय. तू हात जोडलंस की पुढचं वाक्य माझ्या वर्गातली पोरं म्हणायची."

मीही हसलो. पण हा मित्र तरुणपणी एकांकिका लिहायचा, नाटकवाल्यांत उठबस असलेला माणूस. ती गोष्ट त्या दिवसापासून माझ्या डोक्यात खडा होऊन राहिली.

दुसरा भाग सगळ्यांत चांगला, असं लोक म्हणतात. मला तो पुरा बघवला नाही. त्यात मास्तर पोरांना पन्हाळ्याला सहलीला नेतात, धुक्यात दिशा समजावून सांगत उतरतात आणि कोल्हापूरचा रस्ता धरायच्या ऐवजी कोडोलीच्या बाजूला उसात जाऊन पोहोचतात. एक शेतकरी म्हणतो, "पावणं, कोल्हापूर मागं ऱ्हायलं." हे जसंच्या तसं घडलेलं आहे. भूगोलाचा मास्तर अख्खा वर्ग घेऊन चुकला होता. पोरांना मी ठणकावून सांगितलं होतं की ऊस दाखवायलाच मुद्दाम या वाटेनं आणलंय. पोरांनी विश्वास ठेवला, असं मी समजत होतो. खरं काय ते सोबत आलेल्या मराठीच्या मास्तरांना तेवढं माहीत.

तिसरा भाग सोडून द्या. पोरं गोव्याला जातात, मास्तर येतात जेमतेम दोनदा. त्या वेळी मला बरं वाटलं होतं. वाटलं, त्याला पश्चात्ताप झाला असेल.

मग मास्तरांवरचा वेगळा सिनेमा आला. त्यातला एक प्रसंग असा: निवृत्त झालेले मास्तर रोज शाळेच्या वेळेला इस्त्रीचे कपडे घालून, पिशवी घेऊन घराबाहेर पडतात आणि रंकाळ्याच्या काठावर बसून राहतात, कारण 'आता मला कुठंच जायचं नाही' हे बायकोला सांगायचा धीर होत नाही. एक बदक त्यांच्या डब्यातली पोळी पळवतं. लोक हसले. मी पत्नीकडे पाहिलं. ती हसत नव्हती. तिला ते तेव्हाच, त्या अंधारात कळलं.

बदक सोडून सगळं खरं होतं. तेव्हा मला रंकाळ्यावर एकाच माणसाने पाहिलं होतं, आणि कट्ट्यावर त्याचा हात धरून मी त्याला शपथ घातली होती.

त्यानंतर मी सापळा लावला. एका संध्याकाळी, गवळी पलीकडच्या म्हशीकडे गेल्यावर, मी मित्राच्या कानाशी लागून एक खोटी गोष्ट सांगितली: लहानपणी गुऱ्हाळावर मी उकळत्या रसाच्या काहिलीत पडता पडता वाचलो, म्हणून अजून गुळाच्या वासाने मला घाम फुटतो. असं काहीच झालेलं नव्हतं. पत्नीला, मुलांना, कुणाला मी ते बोललो नाही. मित्र म्हणाला, "आणि कागलच्या गुऱ्हाळावर काकवी वाटीनं पीत होतास, ती भीतीनं व्हय?" मी म्हटलं, भीती नंतर आली. आणि वाट पाहत बसलो.

चौथ्या भागात मास्तर गुळाची ढेप पाहून टेबलाखाली लपतात.

दुसऱ्याच दिवशी मी कट्ट्यावर गेलो. मित्र आधीच येऊन उभा होता, पेला निम्मा झालेला. आसपास नेहमीची माणसं होती. मी आवाज खाली ठेवायचं ठरवून गेलो होतो, पण आमच्याकडे तसं होत नाही.

"मला विकून किती पेले दूध प्यालास आजवर?"

माणसं वळून बघायला लागली. त्याला आधी कळेचना. मग मी सगळं काढलं, पन्हाळा, रंकाळा, गूळ. म्हटलं, गूळ तर मी रचलेला होता, तो फक्त तुला सांगितला होता, आता बोल.

त्याने विचारलं, "मला फसवायला रचलास?"

"व्हय. आणि फसलास."

"लेका, नकाशा उलटा धरलायस तू," तो म्हणाला. त्याने अर्धा पेला कट्ट्यावर ठेवला. "पी आता एकटाच." आणि गेला. परत तो त्या कट्ट्यावर आला नाही. मीही त्याच्या घराकडे गेलो नाही. त्याच्या नातीच्या लग्नाची पत्रिका त्याची बायको घेऊन आली, तिला मी पाणीसुद्धा विचारलं नाही. हे लिहायला सगळ्यांत जड जातंय.

मावशींचा सिनेमा मध्ये कधीतरी आला. त्यात मास्तर नाहीत, पाहायला हरकत नाही. मग ती मोबाइलवरची मालिका आली. नातवाने लावून दिली. पत्नी शेजारी होती. एका भागात कट्टा आला, म्हैस आली, दोन म्हातारे मास्तर भांडायला लागले. शब्द न् शब्द माझा.

"बघ!" मी ओरडलो. "भांडण पण विकलं गड्यानं!"

पडद्यावर मराठीचे मास्तर पेला ठेवून निघून गेले, गर्दीत दिसेनासे झाले. भूगोलाचे मास्तर एकटे राहिले. त्यांनी इकडंतिकडं पाहिलं, कुणाचं लक्ष नाही असं बघून मित्राचा उरलेला पेला उचलला आणि पिऊन टाकला.

मी नातवाला म्हटलं, थांबव ते.

मी तो पेला प्यालो होतो. का, ते मलाही माहीत नाही. टाकवला नाही. पण तोवर मित्र रस्ता ओलांडून गेला होता, पाठमोरा. हे त्याला माहीत असणं शक्य नव्हतं. अलीकडे तर कुणी बघत नव्हतं; हे ज्याने पाहिलं तो माणूस म्हशीच्या पलीकडे उभा असणार.

"कुणाला बोललात का हे?" पत्नीने विचारलं.

"कुणालाच न्हाय. आणि बाकीचंही मी त्याच्या एकट्याच्या कानातच सांगितलं होतं."

"अहो, तुम्ही कानात बोलला की शेजारची कुत्री उठतात."

दुसऱ्या दिवशी गवळ्याला विचारलं, सिनेमातलं कुणी इथं येतं का. तो धार काढता काढताच म्हणाला, "सिनेमावाला व्हय? त्यो तर तुमचाच विद्यार्थी की, मास्तर. कोल्हापुरात असला की रोज हितंच. तुमच्याच म्हशीच्या पल्याड."

मग आठवलं. एक जाडसर, दाढीवाला मुलगा. कधीमधी पाया पडायचा. मी म्हणायचो, "या पावणं!" तो हसायचा आणि पेला घेऊन पलीकडे जायचा. काय करतोस, असं मी त्याला एकदाही विचारलं नाही. पन्हाळ्याच्या सहलीला तो होता. वर्गात कायम मागच्या बाकावर. मागच्या बाकावरचा मुलगा ऐकत नसतो, अशी मास्तर म्हणून माझी जन्माची खात्री. त्यामुळे संशय घ्यायच्या माणसांत तो कधी आलाच नाही. जो शेजारी बसला, ज्याने ऐकून घेतलं, त्याच्यावर घेतला.

मित्र तोवर गडमुडशिंगीला मुलाकडे राहायला गेला होता. मी कट्ट्यावरचं दूध किटलीत घेतलं आणि गेलो. वाटेत एक वाक्य घोकत होतो. मुलाच्या घरात पाऊल टाकतोय तोच सुनेने ओळखलं, शेजारी हाक गेली, "अहो, सिनेमातले मास्तर आलेत!" पाच मिनिटांत बाहेरच्या सोप्यात माणसं जमली. पोरं मोबाइल धरून, "सर, ते वाक्य म्हणा की!"

मित्र पलंगावर बसला होता. वाळला होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, सावकाश दोन्ही हात जोडले.

"या पावणं," तो म्हणाला. "वाट चुकला काय?"

सगळे हसले. मला आयुष्यात पहिल्यांदा कळलं की दांडी मारलेल्या पोराला ते वाक्य ऐकताना कसं वाटत असेल. मी त्याच्याजवळ बसलो आणि हळू आवाजात सुरुवात केली.

"मोठ्यानं बोल की," तो म्हणाला. "कान गेलेत. मशीन गुणगुणतंय म्हणून काढून ठेवलंय."

मला आजवर कुणी मोठ्यानं बोल म्हटलं नव्हतं. भर कट्ट्यावर ज्याला चोर ठरवलं, त्याची माफीही भर सोप्यात मागायला हवी होती. हिशेब सरळ होता. पोरांचे मोबाइल माझ्याकडे वळलेले. मी तोंड उघडलं आणि ओरडून म्हणालो, "दूध आणलंय!"

सुनेने पेला आणला. त्याने निम्मं दूध प्यायलं आणि उरलेला पेला माझ्या हातात दिला. नुसता "घे" म्हणाला. मी प्यालो.

त्याने ती मालिका पाहिली होती का? पेला मुद्दाम दिला, की पोट भरलं होतं? त्याही क्षणी मी त्याच्या चेहऱ्यावर तेच शोधत होतो. संशयाची सवय अशी असते. विचारलं मात्र नाही. म्हटलं, पुढच्या खेपेला येऊ, त्याला मशीन घालायला लावू, दार लोटून घेऊ.

पुढच्या खेपेला सोप्यात त्याचा फोटो होता.

ते सिनेमे पाहायचे असतील तर शेवटची मालिका शेवटीच पाहा, आणि पेल्याच्या प्रसंगानंतर लगेच बंद करा. पुढच्या भागात दोघे मास्तर गळ्यात पडतात. ते लिहिणाऱ्याने मनाने रचलं आहे. त्या दिवशी किटली घेऊन जाताना वाटभर मी जे घोकत होतो, ते एवढंच होतं: "तू काही विकलं न्हाईस, लेका. मीच ओरडत होतो. चुकलो."