फुगवट्यावरचे रविवार

चार मास्तर एका जीपमध्ये कोंबले की किस्से साठायला वेळ लागत नाही. नव्वदनंतरच्या त्या वर्षांत आम्ही शाळेतले काही जण दर थंडीत एका रविवारी बारामतीहून इंदापूरच्या बाजूला, उजनी धरणाच्या फुगवट्यावर रोहित पक्षी बघायला जायचो. जीप जगताप सरांची, दुर्बीण चित्रकलेच्या कांबळे सरांची आणि डबे माझे. डबे नसते तर मला कुणी नेलं असतं असं वाटत नाही.

आमचे हेडक्लार्क तात्या मात्र कधी यायचे नाहीत. त्यांचं गाव त्याच पाण्याखाली गेलेलं. बोलावलं की म्हणायचे, "पाणी काय बघायचं, बाई?" आणि सोमवारी आम्ही मस्टरवर सही करायला गेलो की हळूच विचारायचे, "पाणी कुठवर उतरलंय?" फार वाईट वाटायचं. त्यांना यायचं होतं, पण पाऊल उचलत नव्हतं.

*

जगताप सर बागायतदार. ट्रॉलीतला ऊस ओढणाऱ्या पोरांवर चालत्या जीपमधून खेकसायचे. एकदा फाट्यावर ट्रॉली उभी होती आणि सरांचीच जीभ चाळवली. इकडंतिकडं बघून त्यांनी एक ऊस उपसला.

ट्रॅक्टरवाल्यानं मान वळवली. "ओढा की, गुरुजी. तुमच्याच रानातला हाय."

सरांनी त्या दिवशी ऊस खाल्ला नाही. आम्ही खाल्ला.

*

कांबळे सरांचा नियम होता, भडक रंग घालायचा नाही, पक्षी बुजतात. जगताप सरांचा लाल स्वेटर त्यांनी काठावर पोचताच काढायला लावला. सर नुसत्या शर्टात कुडकुडत उभे. पुढं एक बाई लालभडक लुगड्यात कपडे आपटत होत्या आणि रोहित त्यांच्याजवळच निवांत चरत होते.

जगताप सरांनी नुसतं बोट दाखवलं. कांबळे सर म्हणाले, "त्या त्यांच्या वळखीच्या हायत."

*

एकदा सगळा थवा अचानक उडाला. जगताप सर सवयीनं ओरडले, "खाली बसा!"

पक्षी कशाला ऐकतात? पण मागं उभा असलेला नावाडी झटकन मांडी घालून बसला. तो सरांचाच जुना विद्यार्थी निघाला.

*

तात्या रिटायर झाले त्या थंडीत, न बोलावता, जीपपाशी येऊन उभे राहिले. कोरी टोपी, इस्त्रीचं धोतर. मी सरकून जागा केली.

नावेत त्यांनी पक्ष्यांकडं बघितलंच नाही. समोरच्या टेकडीवर नजर लावून नावाड्याला सांगत राहिले, "जरा डाव्या अंगाला घे. अजून जरा. बास, हितं थांब."

चौफेर नुसतं पाणी. तात्यांनी पायातल्या चपला काढून बाजूला ठेवल्या.

"आमचं खळं हितं हुतं," ते म्हणाले.

जगताप सर शेतकऱ्याचे, खळ्यावर पायताण घालून जात नाहीत हे त्यांना ठाऊक. ते गुमान वाकून बुटाच्या नाड्या सोडायला लागले. मग कांबळे सर, मग मी.

तात्यांनी खिशातनं रुमाल काढून गाठ सोडली. आत ज्वारी होती.

"खळ्यावर आल्यालं मानूस आमी कधी रिकामं धाडलं न्हाय," ते म्हणाले. "वंजळ धरा, बाई."