बांधलेली दोन बोटं

नागभीडजवळच्या आमच्या गावचे लोहारभाऊ कमी बोलतात. विळा मागितला, की आधी गिऱ्हाइकाचा हात निरखतात, मग डोळे मिटून बसतात. कुणी घाई केली तर कपाळावर बोट टेकवून म्हणतात, "थांबा ना जी, पहिले इथी घडू द्या."

मी शाळेत आदिमानवाचा धडा शिकवते. माणसाच्या मेंदूनं हत्यारं कशी घडवली, हे मी कितीदा फळ्यावर लिहिलं आहे. प्रत्यक्ष पाहिलं ते मात्र भाऊंकडे.

मळणीयंत्रात माझ्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. मुठीत विळा टिकेना. भाऊंनी हात बराच वेळ पाहिला. "मले समजून नाई राह्यलं, बाई," ते म्हणाले. मग त्यांनी स्वतःची तीच दोन बोटं चिंधीनं तळहाताशी बांधली आणि भट्टीमागचं गवत कापायला बसले. विळा पुन्हा पुन्हा निसटला, एकदा मनगटालाही लागला. ऊन कलेपर्यंत ते उठले नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला विळा दिला. त्याची मूठ वाकडी होती आणि अंगठ्यापाशी खोलगट. त्या हंगामात घरचं धान कापताना मी बायकांच्या ओळीत मागं पडले नाही.