गिरणीचं लुगडं

सत्याग्रहात यजमान तुरुंगात गेले त्या वर्षी तळोद्याच्या घरात मी एकटीच राहिले आणि हट्टाला पेटले. कंपनीचं, गिरणीचं काही घरात आणायचं नाही, असं ठरवलं. घासलेट बंद केलं, कंदील माळ्यावर टाकला आणि दिव्यात मोहाच्या बियांचं तेल आलं. त्याच्या धुरानं भिंती काळवंडल्या. शेजारणी हसायच्या. मी त्यांना तोंडावर सुनवायची, आणि मग दिवसभर माझ्याशी बोलायला कुणी नसायचं.

कापडाचं मात्र जड गेलं. मी कातायची ते सूत जाडंभरडं, आणि गावात हातसूत विणणारे एकच म्हातारे चाचा उरले होते. बाकीच्यांच्या मागावर गिरणीचंच सूत. "तुन्हं सूत घडीघडी तुटी ऱ्हायनं, बेटी," असं कुरकुरत त्यांनी चार महिन्यांत मला एक लुगडं विणून दिलं. ओलं झालं की ते घोंगडीइतकं जड व्हायचं. पण मला त्याचा केवढा तोरा!

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मला माहेरी न्यायला धाकटा भाऊ मुराळी म्हणून आला. आईवडील केव्हाच गेलेले, माहेर म्हणजे तो एकटाच. तो दूरच्या एका कापडगिरणीत मागावर कामाला होता. रजा काढून तापीकाठी माहेरच्या गावी आला आणि तिथून बैलगाडी घेऊन माझ्याकडे. ओट्यावर बसला, पाणी प्यायला आणि एक हिरवं लुगडं त्यानं माझ्या मांडीवर ठेवलं. इतकं मऊ, की त्यावरून हात फिरवत बसावं. म्हणूनच बहुधा मला राग आला.

"हाई गिरणीनं शे. मी नेसाव नही. लई जाय," मी ते त्याच्याकडे सरकवत म्हणाले.

"बाई, मी इनेल शे," तो म्हणाला. "मन्हा मागवरनं शे."

"माग कंपनीना शे."

त्यानं लुगडं उचललं, घडी नीट केली. मला वाटलं, आता भांडेल, मग मी रडेन आणि दोघं निघू. माझं गाठोडं तर आदल्या दिवशीच बांधून तयार होतं. तो उठला, बैल जुंपले आणि रिकामी गाडी घेऊन गेला.

यजमान सुटून आले तेव्हा मी त्यांना हे मोठ्या अभिमानानं सांगितलं. ते म्हणाले, "लई लेवानं व्हतं. भाऊनं शे ना ते." ज्यांच्या पाठीमागे मी हे सगळं निभावलं, त्यांनीच 'घ्यायचं होतंस' म्हणावं! घरात दोघं असूनही मी पुन्हा एकटी पडले.

पुढच्या आखाजीला कुणी आलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही. बाहेर माहेरवाशिणी झोक्यावर गाणी म्हणायच्या, मी दार लावून कातत बसायची. हात बसला, सूत बारीक निघू लागलं, तेव्हा चाचांकडून भावासाठी धोतरजोडी विणून घेतली. पण न्यायची कशी? मुराळी आल्याशिवाय लेकीनं माहेरी जाऊ नये, ही आमच्याकडची रीत. घासलेट, कापड, साबण मी एका झटक्यात सोडलं होतं. ही रीत मात्र मला मोडवली नाही. आखाजीला तो रजेवर गावी येतो असं कानावर यायचं, आणि वाट अवघी अर्ध्या दिवसाची होती.

दर आखाजीला मी ती धोतरजोडी पेटीतून काढून उन्हात घालते. गाठोडं अजून आदल्या दिवशीच बांधून ठेवते.