ओलं फडकं

आमच्या बाई मातीशी हळू बोलायच्या आणि माणसांवर ओरडायच्या. हैदराबादच्या आमच्या कलाशाळेत त्या शिल्पकला शिकवत. संध्याकाळी वर्ग बंद करताना प्रत्येकाच्या अर्धवट कामावर ओलं फडकं आहे ना, हे त्या स्वतः हात लावून बघायच्या. उघडी राहिलेली माती सुकते आणि तडकते. "पांघरूण घातलंस का गं?" हाच त्यांचा निरोपाचा शब्द. आम्ही त्यांना पांघरूणबाईच म्हणायचो, अर्थात पाठीमागे.

बाई तिथल्याच, मलकपेठच्या. घरात पिढ्यान्‌पिढ्या सरकारी नोकऱ्या, आणि मराठीत हैदराबादी 'हौ' न् 'नक्को' असे मिसळलेले, की पुण्याहून आलेली मी सुरुवातीला नुसती हसायची. पुढे ते माझ्याच तोंडात बसले आणि फोनवर आई हसायला लागली.

शेवटच्या वर्षी मी ठरवलं, अख्ख्या खोलीचंच शिल्प करायचं. जमिनीवर ओल्या मातीचा पातळ थर, वर तापणारे दिवे, कडेला माइक. परीक्षक आत उभे असताना माती तडकणार आणि तो आवाज खोलीभर घुमणार. बाईंनी कपाळाला हात लावला. "आम्ही जन्मभर तडा जाऊ नये म्हणून मरतो, आणि तू मुद्दाम पाडणार?"

मी म्हटलं, "हौ."

त्या खो खो हसल्या. मग थर किती जाड हवा, वाळू किती घालायची, सगळं त्यांनीच जमवून दिलं.

परीक्षेच्या सकाळी दार उघडलं आणि बघते तर काय. सगळी माती ओल्या फडक्यांखाली गाढ झोपलेली! रात्रभर ती उघडी राहून तडकायच्या बेताला यायला हवी होती, पण आदल्या संध्याकाळी बाईंनी नेहमीच्या सवयीने पाणी मारून पांघरूण घातलं होतं. माझी पदवी त्या चिखलात गेली, असं वाटून मी तिथेच भोकाड पसरलं. बाई दारात पांढऱ्याफटक. "हातांनी केलं गं," त्या म्हणाल्या. "मला विचारलंसुद्धा नाही."

आणि पदर खोचला त्यांनी. वर्गावर्गातले पंखे ओढून आणले, हेअर ड्रायर घेऊन गुडघ्यांवर रांगल्या. दुपारी परीक्षक आले तरी माती गप्पच. ते घड्याळं बघायला लागले, एकजण दाराकडे वळलाही, आणि टक्क! मग आणखी एक, मग खोलीभर. सगळे जागच्या जागी थांबले. बाईंनी माझं मनगट आवळून धरलं होतं. प्रत्येक आवाजाला त्यांची बोटं दचकत होती. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "छान तडकली गं." पदवी मिळाली, पण मला जास्त आनंद या वाक्याचा झाला.

गेल्या हिवाळ्यात बाई आजारी पडल्या. भेटायला गेले तेव्हा त्यांना थंडी वाजत होती. "पांघरूण घालू?" मी विचारलं. "घाल. पण ओलं नक्को हं," म्हणाल्या आणि स्वतःच हसल्या. काही दिवसांनी त्या गेल्या. फार पोरकं वाटलं मला, अजून वाटतं.

आता इथेच हैदराबादेत, तारनाक्याला माझा स्टुडिओ आहे. माझी माती अजूनही तडकते, लोक ती ऐकायला येतात. कोपऱ्यात बाईंचा चेहरा करायला घेतलाय. खरं तर तो कधीच पुरा झालाय. पण रोज संध्याकाळी निघताना मी त्यावर ओलं फडकं घालते. तेवढा एक मला सुकू द्यायचा नाही.