वडिलांना जेली लागली तेव्हा

माझे वडील मूळचे सांगलीकडचे. बोईसरच्या एका कारखान्यात टेलिफोनच्या केबली जोडण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. आत पाणी शिरू नये म्हणून त्या केबलींत जेली भरलेली असायची. हाताला लागली की रॉकेलशिवाय निघायची नाही. त्यामुळे आई जी पेरूची जेली करायची, तिला वडिलांनी कधी बोट लावलं नाही. "जेली ही खायची वस्तू नाही," एवढंच म्हणायचे.

निवृत्तीनंतरच्या हिवाळ्यात आम्ही तिघं सालवडच्या घरून रिक्षाने मुरब्याच्या किनाऱ्यावर गेलो. इतकी वर्षं इथे राहून वडील समुद्राच्या पाण्यात कधी उतरले नव्हते. त्या दिवशी पँट दुमडून उतरले आणि लगेच बाहेर आले.

"काहीतरी चावलं."

पोटरीवर लाल वळ उठले होते. दोरीवर बोंबील वाळत घालणाऱ्या एक बाई जवळ आल्या.

"जेली हाय ती. चोळू नको, बाबा. खाऱ्या पान्यानंच धू."

"जेली?" वडिलांनी विचारलं.

"मासा हाय. म्हंजे, मासा पन नाय."

वडिलांनी पाय धुतला. आग कमी झाली, पण परतताना रिक्षात त्यांना दरदरून घाम फुटला. आई म्हणाली, विष चढलं. आम्ही रिक्षा तशीच पालघरच्या दवाखान्यात नेली. तिथल्या तरुण डॉक्टरांनी पाय बघितला, नाडी बघितली, आणि मग पाय सोडून दिला.

"काका, शर्ट काढा. छातीची सोनोग्राफी करायचीय. जेली लावतो, थंड लागेल."

"नको," वडील म्हणाले. "आत्ताच लागलीय."

डॉक्टरांना वाटलं, ते बरळताहेत. मी समुद्राचं सांगितलं. ते ऐकत होते, पण पडद्यावरची नजर हलली नाही. हृदयाचा एक भाग नीट हलत नव्हता.

वडिलांना मोठ्या रुग्णालयात हलवायचं ठरलं. ॲम्ब्युलन्समध्ये त्यांनी माझं मनगट धरून ठेवलं. याआधी त्यांनी माझा हात कधी धरला होता, ते मला आठवेना.

स्टेंट बसला. वडील घरी आले. तपासणीला गेल्यावर पालघरच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, की त्या डंखाचा आणि हृदयाचा काही संबंध नाही, निव्वळ योगायोग. आईने मान डोलावली, आणि बाहेर पडल्यावर म्हणाली, "वयाने लहान आहेत अजून. जेली लागली नसती, तर आपण दवाखान्यात गेलो असतो का?"

पुढच्या पौर्णिमेला ती समुद्राला नारळ वाहून आली. वडील रिक्षातच बसून राहिले.